सर्वानुमते कॅमशाफ्ट

बसा साहेब, बाजेवर बसा. करकरती ती, पण मोडत न्हाई. माझ्या सासुरवाडीची हाय. मुनव्वर मिस्त्री धारूरला सामान आणाया गेलाय. तासाभरात येतो म्हणला, पण त्याचा तास लई लांबट असतो. तवर तुमच्या गाडीचं बोनेट उघडंच राहू द्या, तिला जरा वारं लागंल. मगाशी तुमी इचारलं ना, गाडीला कोणतं तेल घालावं? बरं केलं मलाच इचारलं. तेलावरून इलेक्शन लढलेला माणूस तुमाला बीड जिल्ह्यात दुसरा घावायचा न्हाई. ऐका, सगळं सांगतो. फकस्त मधी हसू नका. हसायचं आलं की मीच थांबंन.

ती बाभळीखाली पांढरी अँबेसिडर दिसती का? टपावर कोंबडी बसलीय बघा, ती. संस्थेची गाडी हाय. मी आश्रुबा, त्या संस्थेचा चेअरमन. शाळा चौथीत सोडली, पण चेअरमन व्हायला चौथी बी लई झाली असं आमच्या मंडळीचं, म्हणजे सिंधुबाईचं, मत हाय.

तर गेल्या दुष्काळात ऊस जागच्या जागी वाळला. पलीकडच्या एका कारखान्याची चिमणी थंड पडली अन तिथल्या साहेब लोकांनी जुनं सामान लिलावात काढलं. त्यात ही गाडी. आमच्या वाडीत मोटार नव्हती. कुणाला आंबेजोगाईच्या दवाखान्यात न्यायचं तर तेलगावच्या रोडला उभं राहून ट्रकवाल्याच्या पाया पडायचं. म्हणून सगळ्या घरांनी मिळून संस्था काढली अन गाडी आणली. सहकारी मोटार वापर संस्था, मर्यादित. मर्यादित म्हणजे काय, ते मला धारूरच्या घाटात कळलं.

घाटात गाडीत पाच माणसं असली की तिला दम लागायचा. दुसऱ्या वळणावर खोकायची, तिसऱ्यावर उभी राहायची. मंग निम्म्या लोकांनी उतरायचं, चालत वर जायचं अन गाडीची वाट बघायची. एकदा आमच्या वाडीतल्या सरूबाईच्या छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात निघालतो. सरूबाई घाटात उतरली, चढून वर गेली, तिथं दगडावर बसून कुणाकुणाचं लग्न ठरलं ते बोलत बसली. आमी गाडी ढकलत पोचलो. डॉक्टरनं इचारलं, बाई आल्या कशा? घाट चढून आल्या म्हणल्यावर त्यानं सरूबाईला बाजूला बसवलं अन आमालाच तपासलं.

त्यात पाण्याचं दुखणं. गावात टँकर दिवसाआड यायचा. बाया हंडा-हंडा भांडून घ्यायच्या अन ह्या गाडीला दर खेपेला रेडेटरमधी पाणी पाहिजे. मी हंडा घेऊन गाडीकडं निघालो की सगळी रांग माझ्याकडं बघायची. माणूस दारू प्यायला निघाला तरी एवढं कुणी बघत न्हाई.

आता मुनव्वरचं सांगतो. मुनव्वर माझा लंगोटीयार. त्याचं गॅरेज म्हणजे हे माझ्या शेजारचं, त्याच्या घराचं अंगण. तरुणपणी पुण्याला एका गॅरेजात व्हता, तिथं शर्यतीच्या गाड्या यायच्या. चाळीस वर्षाचा झाला, पण शर्यत म्हणलं की आजबी डोळ्यात पाणी येतं त्याच्या. इथं आल्यावर बिचाऱ्याच्या नशिबाला ट्रॅक्टर अन डिझेल इंजन. त्याची लेक जरीना. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून सगळी वाडी फिरली, मला चाचा म्हणती. तिचं लग्न धर्मापुरीच्या अजीजसोबत ठरलं. पोरगा गुणाचा, फळाचा धंदा, बोलतो कमी. आमच्या भागात बोलतो कमी म्हणजे पोरगा चांगला, असं धरून चालत्यात.

लग्न ठरलं तवा जरीनाची आई, अजमतबी, माझ्याकडं आली. मला म्हणली, "आश्रूभाई, माझी पाठवणी झाली तवा मला शेंगाच्या पोत्यावर बसवून ट्रकमधी पाठवलं व्हतं. डायवरला घाई. मी डोळं पुसून मागं बघितलं तवर गाव गेलतं. आईचं तोंडबी दिसलं न्हाई, अन पुन्हा कधी दिसलंच न्हाई. माझ्या पोरीला हळू न्या. मला डोळं भरून बघू द्या."

मी गाडीच्या बोनेटवर हात ठेवून सबूद दिला. बैलाच्या चालीनं नेईन म्हणलं. साहेब, एवढीच गोष्ट हाय. ह्या बाईला दिलेला सबूद. बाकी सगळं त्याच्या आडवं आलेलं.

आडवं आलं ते असं. जरीनाच्या सासरी जायचं तर धारूरचा घाट लागतो. नवरी घाटात उतरून चालणार का? मी मुनव्वरला म्हणलं, इंजनचं काही तरी कर. एवढं ऐकायला तो जसा इतकी वर्षं बसून व्हता. पुण्याला गेला अन तरटात गुंडाळून तीन लोखंडी दांड्या घेऊन आला. कॅमशाफ्ट. मी म्हणलं, हे काय असतंय? तर तो थेट आमच्या सैपाकघरात घुसला. सिंधुबाईचं लाटणं घेतलं, त्याला ज्वारीच्या पिठाचे गोळे चिकटवले, एका अंगाला फुगीर, एका अंगाला चपटे. म्हणला, "आश्रू, तू इंजन हाय असं समज. हे लाटणं फिरलं अन फुगीर गोळा वर आला की तुझं तोंड उघडणार. चपटा आला की मिटणार. गोळा जेवढा फुगीर तेवढा तू जास्त खाणार, अन जास्त खाल्लं की जोर जास्त."

तो लाटणं फिरवायला लागला अन मी तोंड उघडायला-मिटायला. सिंधुबाई चुलीपासून म्हणली, "ह्यांचं तोंड उघडायला लाटणं फिरवायची गरज न्हाई. अन पीठ खाली पाडू नका, दळायला पाणी न्हाई म्हणून बसलीय मी." दळायला पाणी कशाला लागतं, ते मी इचारलं न्हाई. त्या साली कोणत्याबी गोष्टीला पाणी न्हाई म्हणलं की ती गोष्ट मिटायची.

तर तीन कॅम. एक थंडा, कंपनीसारखा. एक मधला. अन एक गरम. त्या गरमच्या गोळ्याला मुनव्वर असा हात फिरवायचा, जसं काय घरातलं तान्हं हाय. हा टाकला की घाट म्हणजे सपाट रोड, म्हणला. मी तर तवाच गरमच्या बाजूनं झालो. पण गाडी संस्थेची. चेअरमनला नटबोल्टबी मनानं बदलता येत न्हाई.

तालुक्याला सहकाराच्या हापिसात गेलो. तिथं मोहनराव म्हणून क्लार्क. चष्म्यावरून बघायचे. मी कॅमशाफ्ट टेबलावर ठेवला. ते म्हणले, ही मालमत्ता जंगम का स्थावर? मी म्हणलं, हे इंजनमधी गरागरा फिरतंय. मंग जंगम, म्हणले. पण गाडी सध्या बंद हाय, म्हणलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मंग तूर्तास स्थावर, म्हणले, अन स्थावर मालमत्तेत फेरबदल करायचा तर सर्वसाधारण सभा पाहिजे. पंधरा दिवस आधी नोटीस. मी म्हणलं, साहेब, कोणता कॅम टाकायचा ते मिस्त्रीला कळतंय, सभेला काय कळणार? मोहनराव म्हणले, "आश्रुबा, सभेला कळायचं नसतंय. सभेनं ठरवायचं असतंय."

झालं. ज्या गावात कॅमशाफ्ट कुणी बघितला नव्हता, तिथं त्याच्यावरून दोन पॅनल पडले. आमचं गरम पॅनल, निशाणी विमान. समोर आसारामचं थंड पॅनल, निशाणी बैलजोडी. आसाराम तेलबिया सोसायटीचा संचालक. त्याचं म्हणणं, गावात प्यायला पाणी न्हाई अन इंजनला जास्त खायला घालता? तोंड मोठं उघडायची सवय आधी चेअरमनची मोडा. भिंतीवर खडूनं लिहिलं, "थंडा कॅम, घराघरात दाम". मुनव्वरनं घरोघर जाऊन लाटणं फिरवून दाखवलं. बायांना तेवढं बरं पटलं, पण त्यातल्या निम्म्या म्हणल्या, आमच्याबी लाटण्याला असले गोळे बसवून द्या.

दोन्हीकडचा एक माणूस बी हे इचारायला उभा राह्यला न्हाई, की गरम कॅमनं गाडी हळू चालती का. इलेक्शनात हळू कोण इचारतंय.

मतं मोजायची पाळीच आली न्हाई. आदल्या दिवशी सर्जेराव अण्णा मधी पडले. अण्णांनी उभ्या आयुष्यात इतक्या संस्था बिनविरोध केल्या की त्यांच्या घरात नवरा-बायकोचं भांडणबी सर्वानुमते मिटतं. अण्णा म्हणले, गावाची शोभा करू नका. चेअरमन एका गटाला, व्हाइस चेअरमन दुसऱ्याला, असंच असतंय ना? मंग कॅम आश्रुबाचा, तेल आसारामचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या. कशाला वाजवल्या ते घरी आल्यावर सिंधुबाईनं इचारलं, तवा म्हणलं, सगळ्यांनी वाजवल्या म्हणून.

आसारामच्या सोसायटीच्या गोदामात एरंडेल पडून व्हतं. दुष्काळात कुणी घेईना. आता तुमाला वाटंल, एरंडेल तर पोट साफ करायला. मलाबी तसंच वाटलं. पण मुनव्वर म्हणला, पूर्वीच्या शर्यतवाल्यांच्या गाड्यात एरंडेलच असायचं, लई तापलं तरी हटत न्हाई. गरम कॅम मिळतोय म्हणल्यावर मुनव्वर इंजनात ताक घालायलाबी हो म्हणला असता, ही गोष्ट वेगळी. पण ह्या बाबतीत तो खरं बोलत व्हता.

इथंच थांबलो असतो तर मी आज तुमच्यासमोर ताठ मानेनं बसलो असतो. पण आसारामच्या गटात शहादेव रुसला. शहादेवचा पाहुणा शहरात डब्यातलं कंपनीचं तेल इकायचा. नुसतं एरंडेल घालणार असाल तर मी पाठिंबा काढतो, म्हणला. पुन्हा अण्णा मधी पडले. पुन्हा मिटवलं. ठराव झाला: संस्थेच्या गाडीत अर्धं एरंडेल अन अर्धं डब्याचं तेल, समसमान, सर्वानुमते. सूचक शहादेव, अनुमोदक आसाराम. अन सही चेअरमनची.

मुनव्वरनं कॅम बसवला, समसमान तेल चेंबरमधी घातलं. गाडी चालू केली तवा कुत्री गाव सोडून गेली. काय आवाज, साहेब. धडधड धडधड, दाराच्या काचा वाजत्यात, आरसा हलतोय. अन धुरातनं एरंडेलाचा गोडसर वास. बाळंतिणीच्या खोलीत येतो ना, लेकराला तेल लावून शेकल्यावर, तस्सा. म्हाताऱ्या बाया नाकाला पदर लावून आल्या, वास ओळखीचा निघाला, तशा तिथंच बसल्या. अजमतबी म्हणली, गाडीला दिवस गेलेत का काय?

घाटात नेली. सरूबाई स्वतःहून पुढं बसली, तिला घाट पायी चढायची सवय झालती. काय सांगू तुमाला. दुसरं वळण गेलं, तिसरं गेलं, मागं ट्रक राह्यले, एसटी राह्यली. वरच्या दगडाजवळ आलो तर सरूबाई म्हणती, थांबवा, इथं मी उतरून बसत असते. मुनव्वर मागच्या शिटावर रडत व्हता. मी म्हणलं, कावून रडतो बे? तो म्हणला, आवाज ऐक. बस, आवाज ऐक.

गावात येऊन गाडी बंद केली अन जेवलो. सकाळी बघतो तर इंजन हलंना. एरंडेल अन डब्याचं तेल रातभर एकमेकाला बिलगून काकवी झालतं. काकवी म्हणजे चमच्यानं काढावं असं. आठ-दहा जणांनी ढकलून, खाली शेणकुटाची धग देऊन चालू केली. मुनव्वरनं नियम काढला: एकदा चालू झाली की मुक्कामावर पोचेस्तोर बंद करायची न्हाई. आमी म्हणलं, ठीक.

मंग न्याहारीला सिंधुबाईनं भाकरी थापता थापता इचारलं, "घाट चढली, बरं झालं. पण अजमतबीला बैलाच्या चालीनं नेतो म्हणला होता. तेवढी हळू चालती का ती?"

मी तसाच उठलो. धुळाजीची म्हैस छावणीकडं चालली व्हती, तिच्या मागं गाडी लावली. म्हशीच्या चालीवर आणली की गाडी दोन आचके द्यायची अन मरायला टेकायची. जरा पाय दिला की म्हशीच्या पुढं. मधलं काही न्हाईच. एक तर मुडदा, न्हाई तर घोडा. मुनव्वर डोकं धरून खाली बसला. तवा म्हणला, गरम कॅमचं असंच असतंय आश्रू, त्याला वरचीच हवा लागती, हळू चालीला त्याच्यात जीव नसतो. मी म्हणलं, मंग आधी बोलला कावून न्हाई? तो म्हणला, मला वाटलं कुणी तरी इचारंल.

थंडा कॅम परत बसवायचा तर पुन्हा सभा. पंधरा दिवसाची नोटीस. लग्न आठवड्यावर. मोहनरावांना भेटलो. ते म्हणले, तातडीची सभा घेता येती, पण त्यालाबी आधी सभा घेऊन ठरवावं लागतंय. आसाराम म्हणला, कॅमचा इषय निघाला तर तेलाचाबी निघंल. शहादेव म्हणला, समसमानला हात लावायचा न्हाई. मी घरी येऊन बाजेवर पडलो. ह्याच बाजेवर. करकरली व्हती ती.

लग्नाचा दिवस. निकाह झाला, जेवणं झाली. पाहुण्यांचा टेम्पो पुढं गेला. गाडीचं बोनेट काढूनच ठेवलं व्हतं, तापू नये म्हणून. दोन्ही पॅनलनी मिळून ढकलून गाडी चालू केली. त्या बाबतीत सहकार पक्का व्हता. जरीना अन अजीज मागं बसले. अजमतबी खिडकीत वाकली, पोरीच्या तोंडावरनं हात फिरवला. मी क्लचवर पाय असा ठेवला, जसा साप झोपलाय अन त्याच्यावर ठेवलाय. लई हळू सोडला.

गाडी अशी उडाली की अजमतबीचा हात हवेतच राह्यला.

आरशात बघितलं तर धुरळा. धुरळ्यात ती बाई तशीच, हात पुढं करून उभी. साहेब, पोत्यावर बसवलेल्या त्या ट्रकच्या डायवरला मी मनातल्या मनात लई शिव्या दिलत्या. आता त्याच्यात अन माझ्यात एवढाच फरक, की माझ्या गाडीला ठराव व्हता.

मारुतीच्या देवळापाशी आलो तवा मागनं जरीना म्हणली, "चाचा, अम्मीला नीट बघितलंच न्हाई." रडत नव्हती. नुसती म्हणली. थांबवावी तर गाडी बंद पडणार अन त्या काकवीतनं पुन्हा निघणार न्हाई. हळू करावी तर तेच. मंग मी स्टेरिंग वळवलं. आमच्या वाडीला वळसा घालून एक गाडीवाट हाय. देवळापासून तेलबियाच्या गोदामाकडं, तिथून कोरड्या आडापाशी, तिथून पुन्हा मुनव्वरच्या दारात. त्या वाटंनं घेतली.

दारात लोकांनी बघितलं, गाडी परत आली. काय तरी इसरलं म्हणून सगळे पळत पुढं आले, तवर मी पार. पण अजमतबीला पोरगी दिसली अन पोरीला अजमतबी. मी म्हणलं, एकदा दिसली, पुन्हा दिसंल. अन फिरलो. अन फिरलो.

दुसऱ्या खेपेला अजमतबी तेलाच्या रिकाम्या पिंपावर चढून उभी व्हती, नीट दिसावं म्हणून. "सासूला उलटं बोलू नको," म्हणली. पुढच्या खेपेला, "पण लई ऐकूनबी घेऊ नको." मंग खिडकीतनं एक फडक्यात बांधलेला डबा आला. मंग, "ओढणी नीट घे." मंग, "तो डबा सांडू नको." रडायला माणूस एका जागी लागतं, साहेब. फिरत्या माणसासाठी रडता येत न्हाई. चार-पाच चकरा झाल्या अन अजमतबीच्या तोंडाला पदर गेला, तो हसू दाबायला.

गाव तर सगळं वाटंवर आलतं. देवळाच्या पारावर सर्जेराव अण्णा. एका चकरंला म्हणले, "आश्रुबा, ब्रेक..." पुढच्या चकरंला, "...दाबून बघितला का?" मी म्हणलं, "दाबला तर..." अन त्याच्या पुढच्याला, "...बंद पडती." अण्णांनी एक अख्खी चकर इचार केला. मंग म्हणले, "तर फिरत राहा." गोदामापाशी आसाराम हात वर करून सांगायचा, वास बघा, अस्सल माल हाय. शहादेव त्याच्या शेजारी उभा, निम्मा वास माझा हाय म्हणून. आडापाशी टँकरची रांग, त्यात सिंधुबाई. तिनं दुसऱ्या चकरंला सांगितलं, आता फिरताच हाय तर दुकानावरनं मीठ आणा.

अन अजीज, तो कमी बोलणारा पोरगा, एवढ्या येळात एकदाच बोलला. माझ्या खांद्याला हळूच हात लावून म्हणला, "चाचा, आपण निघालो का न्हाई अजून?" जरीना एवढी हसली की तिची नथ हलली. सासरी हसत गेलेली नवरी आमच्या वाडीनं पहिल्यांदा बघितली.

पण मंग तिनं वाटंवरच्या माणसांवरनं नजर फिरवली. म्हणली, "सगळे दिसले. अब्बा दिसले न्हाईत."

खरंच मुनव्वर कुठंच नव्हता. तो गाडी उडाली तवाच घराच्या मागं गेलता. त्याला लाज वाटली. पोरीची पाठवणी त्याच्याच कॅमनं खराब केली असं त्याच्या डोक्यात बसलं. हत्याराची पेटी उघडून पाने लहान-मोठे लावत बसलाय, असं अजमतबीनं पुढच्या चकरंला सांगितलं. अन इकडं इंजनचा काटा तांबड्याकडं निघाला. रेडेटरमधनं वाफ. पाण्याचा थेंब न्हाई. अजून एक चकर म्हणलं, फार तर दोन. त्याच्या आत हा मनुष्य बाहेर आला न्हाई तर पोरगी तशीच जाणार, अन उभ्या जन्माचं राहणार.

मी हॉर्न दाबला. दाबूनच धरला. देवळापासून दारापर्यंत. "मुनव्वर, गाडी तापली बे." एवढंच वरडलो. पोरगी चालली म्हणलं असतं तर तो आला नसता. गाडी तापली म्हणल्यावर तो कबरीतनंबी उठून येईल.

आला. घरातली शेवटची घागर खांद्यावर. त्या दिवसात भरली घागर म्हणजे काय, तुमाला सांगायला नको. पाहुण्यांच्या हातासाठी ठेवलेलं पाणी व्हतं ते. तो गाडीच्या सोबत पळाला, घागर सांभाळत, अन एकदम उडी मारून पुढच्या मडगार्डवर बसला. तिथनं ओंजळीनं रेडेटरवर पाणी मारायला लागला. वाफच वाफ. ती जरा इरली की काचेच्या पलीकडं त्याचं तोंड. तोंड आमच्याकडं, पाठ रोडकडं. जरीना पुढच्या शिटावरनं वाकून पुढं आली. काय तरी बोलली. त्याला त्या आवाजात कुठलं ऐकू येतंय. त्याला वाटलं काट्याचं इचारती, त्यानं रेडेटरकडं बोट करून मान हलवली, ठीक हाय म्हणून. मंग तिनं काचेवर तळहात ठेवला, मेंदीचा. मुनव्वरनं खांद्यावरचा टावेल काढला अन बाहेरून काच पुसायला लागला. पुसतोय, पुसतोय. काच बाहेरून साफ व्हती, साहेब.

आमी ती चकर पुरी केली, अजमतबीनं हात वर केला, माझं झालं, जा म्हणली. अन मी रोडला लागलो.

आता मुनव्वरला उतरवायचा कसा? थांबता येत न्हाई. तेलगावात लोक बघत राह्यले. घाट लागायच्या आधी तो खिडकीतनं आत आला, म्हणजे निम्मा आला. पाय धारूर येईस्तोर बाहेरच व्हते. घाटात गाडीनं जे केलं ते मी सांगत न्हाई, तुमाला खोटं वाटंल. मुनव्वरचं डोकं माझ्या मांडीवर, पाय वाऱ्यावर, अन खालनं म्हणतोय, आवाज ऐक आश्रू, आवाज ऐक.

धर्मापुरीत जुन्या देवळापाशी पोचलो, अजीजच्या दारात गाडी आपोआप बंद पडली अन कायमची पडली. सासरची मंडळी बघतात तर नवरीच्या आधी नवरीचा बाप खिडकीतनं निघतोय, तोंडाला काजळी, हातात रिकामी घागर. अजीजच्या आजीनं मला बाजूला घेऊन इचारलं, तुमच्याकडं अशी रीत हाय का? मी म्हणलं, हाय. ठराव झालेला हाय, सर्वानुमते. मुनव्वर जेवून एसटीनं आला. गाडी ट्रकवर टाकून आली. तवापासून ती तिथं बाभळीखाली. तिचं काय करायचं त्याच्या सभेला कोरम भरत न्हाई. कोंबड्यांचं बरं चाललंय.

अजमतबीला मी तोंड दाखवत नव्हतो. तीच आली. म्हणली, "आश्रूभाई, माझ्या आईनं मला एकदाबी नीट बघितलं न्हाई. मी माझी पोरगी इतक्या येळा बघितली की शेवटी माझ्या मानंला कळ लागली." मी म्हणलं, हळू नेतो म्हणलो व्हतो. ती म्हणली, ते राह्यलं. पण बघून झालं.

तर तुमच्या गाडीचं उत्तर ऐका. तेल कोणतंबी घाला, पण एकच घाला. अन कुणाला इचारून घालू नका.

तो बघा मुनव्वर आला, हातात पुडकं हाय म्हणजे सामान मिळालं. आता तुमची गाडी घडीभरात निघंल. तुमी परळीकडं निघालाय म्हणला होता, म्हणून एक काम सांगतो. परवा निरोप आला, जरीनाला लेक झाली. अजमतबी तिकडंच हाय. लेकराला चोळायला एरंडेल पाहिजे म्हणती, आपल्याकडचं, निव्वळ, समसमान नको. हा डबा आसारामनं दिलाय. जन्मात पहिल्यांदा ठराव न घेता दिलाय. मुनव्वर शुक्रवारी जाणार, पण लेकराचं अंग शुक्रवारची वाट बघत न्हाई. परळीहून धर्मापुरी लांब न्हाई. जुन्या देवळाच्या मागं फळाची गाडी दिसंल, तिथं अजीजचं घर इचारा.

दारात गेलात की इंजन बंद करा, साहेब. पार बंद. निवांत उभे राहा, च्या देतील तो घ्या, लेकरू दाखवतील ते बघा. अन निघताना गाडी लई हळू काढा, बैलाच्या चालीनं. त्या दोघी दारात येऊन उभ्या राहतील. आमच्या वाडीकडनं आलेली एखादी गाडी हळूबी निघती, एवढं त्यांना बघू द्या.